पेट्रोलचा कॉक

रिया आणि एडन, आजोबा शेवटी काय बोलले असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, तेव्हा मी "सगळ्यांची आठवण काढली" असं सांगून टाकलं. ते खरं नव्हतं. आता त्यांना जाऊन दीड महिना झाला आहे, म्हणून आजी नीट सांगते. इस्पितळातल्या आमच्या शेवटच्या भेटीत त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "टीचर, पंपाचा कॉक बंद केलास ना?" मी "हो" म्हटलं. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना इस्पितळातून फोन आला… कॉक मी बंद केलेला नव्हता.

निर्मळच्या आपल्या वाडीत विहिरीवर विजेची मोटार आहे. पण वीज गेली किंवा पावसात केळीत पाणी तुंबलं, की पेट्रोलवर चालणारा छोटा पंपच लागतो. दोरी ओढली की तो भुंकतो, म्हणून लहानपणी तुम्ही त्याला 'आजोबांचा कुत्रा' म्हणायचात. आजोबांनी तो आणला तेव्हा सोबत इंग्रजीतली पुस्तिका आली. ते सातवीपर्यंत शिकलेले आणि मी शाळेत इंग्रजी शिकवणारी. मला पंपाच्या खोपीत स्टुलावर बसवून ते म्हणाले, "टीचर, वाचा." मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले आणि ते भिंतीवर कोळशाने लिहीत गेले. इंजिन पाच मिनिटं चालवून गरम असतानाच जुनं ऑइल काढायचं, म्हणजे गाळासकट निघतं. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. ऑइलची पातळी बघताना पंप सपाट जागी हवा. शुद्धलेखनाच्या चुका मी तिथल्या तिथे दाखवायची. "इंजिनाला वाचता येत नाही," असं म्हणून ते पुढे लिहायचे. 'पातळी'तली ळी अजून ऱ्हस्वच आहे.

पुस्तिकेत नसलेलं मात्र ते मला शिकवत. स्पार्क प्लगच्या दोन टोकांत किती फट हवी ते मोजायला त्यांनी हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा खिळ्याला टांगून ठेवला होता. तो फटीतून अडत अडत गेला पाहिजे, सहज गेला तर फट जास्त. कार्बोरेटरमधलं बारीक भोक साफ करायला तार घालू नका, असं मी वाचून दाखवल्यावर त्यांनी घरातली केरसुणी आणली आणि तिच्यातला एक हीर उपसून त्याचं टोक भोकात घातलं. "भोक वाढत नाही आणि हीर फुकट," म्हणाले. माझी नवी केरसुणी होती ती.

दर दुसऱ्या शनिवारी, गरज असो-नसो, ते इंजिन सुरू करत. पण थांबवताना बटण कधी दाबत नसत. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे ती छोटी तोटी, बंद करून शेजारी उभे राहत. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चाले. आवाज आधी थोडा चढे, मग अडखळे, मग बंद. मला चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सेला उशीर व्हायचा. "अहो, कंपनीने बटण कशाला दिलंय?" असं मी फाटकातून ओरडायची. "बटणाने इंजिन थांबतं. पेट्रोल आत बसून चिकट होतं," ते म्हणायचे. "दोन मिनिटं उभी राहा की. फादर काय तुझ्याविना सुरू करणार नाहीत?"

ते इस्पितळात असताना एका दुपारी वीज नव्हती आणि घरात पाणी नव्हतं. मी पंप लावून पाण्याची टाकी भरली. फाटकात रिक्षा हॉर्न वाजवत होती. मी बटण दाबलं आणि निघाले. त्याच संध्याकाळी त्यांनी तो प्रश्न विचारला.

नंतर माणसं येत-जात राहिली, महिन्याची मिस्सा झाली, मी खोपीकडे फिरकले नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस थांबला नाही. वीज गेली आणि आजोबांनी उन्हाळ्यात स्वतः लावलेल्या केळीच्या रोपांत घोट्याच्या वर पाणी चढलं. मुळं कुजायला फार वेळ लागत नाही. मी दोरी ओढली… काही नाही. शेजारच्या इनासने येऊन पंधरा-वीस वेळा ओढली. "काकी, हा पण काकांच्या मागे गेला," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "मी कोणाचा तरी पंप बघतो. उद्यापर्यंत मिळेल." मी म्हटलं, "उद्या नको. तू फक्त छत्री धर. खोप गळते."

कॉक बंद केला, चष्मा पुसला आणि भिंतीवरचं वाचत एकेक करत गेले. प्लग काढला, घासला, ब्लेडने फट बघितली. कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली तर तळाशी मधासारखा पिवळा चिकटा. मी घरातून केरसुणी आणली. इनास बघतच राहिला. "काकी, आता झाडायचं?" मी हीर उपसला, टोकाने भोक मोकळं केलं, वाटी धुतली, जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं. यात तासभर गेला. आजोबांना वीस मिनिटं लागली असती. कॉक उघडून इनासने दोरी ओढली. तिसऱ्या खेपेला कुत्रा भुंकला.

दिवस मावळायच्या आत केळीतलं पाणी ओहोळात गेलं. रोपं तगली आहेत, दोन सोडून. इनास म्हणाला, "बंद करू?" त्याचा हात बटणाकडे गेला होता. मी त्याला घरी पाठवलं आणि कॉक मीच फिरवला. मग शेजारी उभी राहिले. आवाज थोडा चढला, अडखळला, पुन्हा चढला. मध्येच निघून जावंसं वाटलं, पण गेले नाही. इंजिन आपलं आपण थांबल्यावर ओहोळाचं पाणी ऐकू येऊ लागलं. तेव्हा मी त्यांच्या अक्षरांकडे बघून म्हटलं, "अहो, केला कॉक बंद."