मुद्रेतला गुलाब आणि माझी मान

तमाम जावयांनी उभं राहून ऐकावं असं एक गंभीर निवेदन करतो: काही शतकांपूर्वीच्या एका पाद्र्याच्या मुद्रेत मी सासूबाईंसकट अडकलो होतो.

सासूबाई अमेरिकेतल्या आमच्या घरून, नेपरव्हिलहून, पुण्याला परत निघाल्या होत्या. बॅगा गाडीत ठेवून, विमानतळाच्या वाटेवर आम्ही पाच मिनिटांसाठी चर्चमध्ये थांबलो. आमच्या शेजारच्या अमेरिकन आजीबाई तिथे पाहुण्यांना रंगीत काचांची खिडकी दाखवायच्या. त्यांनी हिवाळाभर सासूबाईंना विणकाम शिकवलं होतं, त्यामुळे निरोप न घेता जाणं बरं दिसलं नसतं.

खिडकीत त्या पाद्र्याची मुद्रा, म्हणजे त्याच्या शिक्क्याचं चित्र होतं. आजीबाई इंग्रजीत समजावू लागल्या, "काळा क्रूस म्हणजे दुःख. तो लाल हृदयात आहे, कारण श्रद्धेनं हृदय जिवंत राहतं. पांढरा गुलाब म्हणजे आनंद, निळा रंग म्हणजे स्वर्गाची आशा. भोवतीच्या सोनेरी कड्याला अंत नाही. समजलं?"

मी हसून, आपल्याकडे डोलावतात तशी, डावी-उजवीकडे मान डोलावली. आजीबाईंनी काळ्या क्रूसापासून पुन्हा सुरुवात केली. मी आणखी अदबीनं डोलावली. पुन्हा क्रूस. विमानाची वेळ जवळ येत होती आणि अंत नसलेलं कडं मला आता पुरतं कळलं होतं.

शेवटी सासूबाई भर चर्चमध्ये म्हणाल्या, "जावईबापू, आधी ती मान थांबवा. बाईंना ते 'नाही' वाटतं. अशाच डोलावण्यापायी मीही हिवाळाभर एकच टाका शिकत बसले."