धुक्यातली वाट

डोंगरावरच्या वस्त्यांना टपाल पोचवण्यात मावशींची बावीस वर्षं गेली होती. त्या दिवशी दाट धुक्यात लष्कराचं विमान वरच्या कड्यावर आदळलं.

"धुकं निवळेपर्यंत कुणी वर जायचं नाही," पायथ्याशी आलेल्या अधिकाऱ्यांनी जवानांना बजावलं.

"तोवर जिवंत असेल तोही गारठून जाईल," मावशी म्हणाल्या. "वाट माझ्या पायाखालची आहे. दोर धरा आणि मागून या."

अधिकाऱ्यांनी दोर मागवला.

तीन तासांनी मोडक्या पंखापाशी चौघे मृत सापडले. पाचव्यात अजून धुगधुगी होती. मावशींनी त्याला आपली शाल गुंडाळली. "डोळे मिटायचे नाहीत, बाळा. घरी कोण कोण आहे, सांग," असं विचारत त्यांनी त्याला खालपर्यंत बोलतं ठेवलं.

तो वाचला. त्या चौघांसाठी मावशी घरी जाऊन पोटभर रडल्या.