डावीकडची गिटार

त्या विलायती बँडचे पहिले तीन अल्बम म्हणजे नुसता दणदणाट. कॉलेजात आम्हा दोघांना तेवढंच हवं होतं. मग चौथ्याची कॅसेट हाती लागली आणि आमची जुंपली. त्यात ड्रमवाला पहिल्यांदाच थांबायला शिकला होता, गाणारा ओरडायचं सोडून काहीतरी सांगू लागला होता. मला वाटलं, पोरं मोठी झाली. अकोल्याच्या माझ्या मित्राला वाटलं, संपली.

"थकले बे हे! याच्यापेक्षा आमच्या गावचं भजन जोरात असते."

त्याच्या घरची झेंडू-शेवंतीची शेती. गड्याचं मत एकदा बसलं की बैलजोडी लावूनही हलायचं नाही. माझा हट्टही काही कमी नव्हता. अमरावतीहून त्याच्याकडे जाताना मी दरवेळी चौथा अल्बम न्यायचो, तो दरवेळी तिसरा लावायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

यंदा त्याच्या डाव्या कानाच्या आत गाठ निघाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, पण त्या कानाचं ऐकणं जाईल. ऑपरेशनच्या आधी त्याचा फोन आला. "ये. दोन्ही कानांनं एकदा आयकून घेतो. अन् तुयावालाच आण."

मला वाटलं, माझं मन राखतोय. शेतातल्या शेडमध्ये, तोडलेल्या शेवंतीच्या ढिगाशेजारी दोन स्पीकर मांडून आम्ही अख्खा अल्बम ऐकला. शेवटच्या गाण्यात उजवीकडे गाणाऱ्याचा आवाज, डावीकडे एकटी गिटार आणि बाकीचे सगळे गप्प. ते गाणं त्यानं पुन्हा पुन्हा लावलं.

"कावून भांडलो रे मी तुयासंगं? यायले वाजवता येत होतं, अन् यायनं नाई वाजवलं. लय मोठं काम हाये बे."

इतक्या वर्षांनी जिंकलो, पण आनंद काही होईना.

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या खेपेला गेलो तर त्यानंच मोबाइलला इअरफोन जोडला आणि डावा तुकडा माझ्या हातात दिला. "घे. मायाकडे त्या बाजूले शुकशुकाट हाये."

शेवटचं गाणं लागलं. त्याच्या कानात नुसता गाणाऱ्याचा आवाज असणार. गिटारची वेळ आली तसे त्यानं डोळे मिटले आणि ती गुणगुणायला लागला. माझ्या कानात खरी वाजत होती. त्याचा सूर जरा पडत होता, पण जागा एकही चुकेना. मी कानातला तुकडा काढून ठेवला आणि त्याचीच गिटार ऐकत बसलो.