नववी पिशवी

अवकाशात गेलेली आमची पहिली बाई आधी माझ्यासमोर, एकाच लांबलचक टेबलाशी, पॅराशूटच्या घड्या घालायची, असं सांगितलं की लोकांना थाप वाटते. वाटू दे. शिंप्याची पोर, सतराव्या वर्षी कारखान्यात लागली. अंगानं एवढीशी, म्हणून आम्ही तिला चिमटी म्हणायचो. मला ताई म्हणायची आणि माझ्याच चुका काढायची, आगाऊ कार्टी.

घडी सरकू नये म्हणून तिच्यावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि पॅराशूट बांधण्याआधी त्या एकेक करून काढून खुंटीला टांगायच्या, ही आमची पद्धत. पिशव्या आठ, भिंतीवर खुंट्याही आठ. सगळ्या खुंट्या भरल्या की तपासनीस शिक्का मारणार. शिवाय ज्याला उडी मारायची त्यानं समोर बसून बघायचं आणि बांधणाऱ्यानं चिठ्ठीवर सही करायची.

चिमटी आधी स्वतःच्याच घड्यांवर उड्या मारायला लागली. मग चाचणीच्या उड्या, मग विमान चालवणं, आणि एक दिवस चारशे जणांतून तिची निवड झाली. यान परतताना उघडायचं पॅराशूट कोण बांधणार, असं विचारल्यावर ती म्हणाली, ताईच बांधेल. झालं. तीन दिवस मी नुसता सराव केला.

हात घामानं ओले व्हायचे आणि शेवटची घडी सारखी निसटायची. म्हणून बांधायच्या दिवशी जुन्या एप्रनच्या तुकड्याची नववी पिशवी मी घरूनच शिवून आणली आणि त्या घडीवर ठेवली. कुणाला सांगितलं नाही. चिमटी समोर बसून बघत होती. आठ खुंट्या भरल्या, शिक्का बसला, मी सही केली.

यान उडालं त्या सकाळी सगळे रेडिओला चिकटलेले आणि मी टेबल आवरत होते. तेव्हा नववी पिशवी आठवली. खण पाहिले, कचरा उपसला, एप्रनचे खिसे उलटे केले. कुठेच नाही. पिशवी घडीत राहिली असेल तर कापड अर्धंच उघडणार. वेळीच कळलं तर तिला राखीव पॅराशूट वापरता येणार होतं. पण ते लहान, जोरात आपटण्याची भीती. आणि बोलले तर माझं वीस वर्षांचं नाव मातीत जाणार. खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मी गप्प बसले. त्या पाच मिनिटांची मला अजून लाज वाटते.

मग मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत, त्यानंच मी जास्त घाबरले. त्यांनी फोन उचलला, निरोप वर यानात गेला. मी दाराची कडी धरून उभी होते. अकरा मिनिटांनी तिचा खरखरता आवाज आला.

"ताईला सांगा, पिशवी इथेच आहे. माझ्या नाकासमोर तरंगतेय."

बांधायच्या दिवशी मी दोरी घ्यायला वळले तेव्हाच तिनं ती घडीतून काढून खिशात टाकली होती. बोलली असती तर तपासनिसानं सगळं उलगडून दुसऱ्या कुणाला बांधायला दिलं असतं, आणि तिला माझीच सही हवी होती.

तरी ती उतरेपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नाही. ती सुखरूप उतरली. मला टेबलावरून काढलं, बरोबरच केलं. आता मी पिशव्याच शिवते, प्रत्येकीवर लाल आकडा घालून.

महिन्यानं ती घरी आली आणि पिशवी माझ्या हातात ठेवली. शिवण घामानं काळी पडलेली. मी विचारलं, भीती वाटली का गं?

"जाम वाटली. उतरताना ती घट्ट दाबून धरली होती. ताईची चूक माझ्या हातात आहे, म्हणजे घडीत नाही, एवढंच घोकत होते."

मला रडू आवरेना. पिशवी मी तिलाच परत दिली. ती पुन्हा जाणार होती, आणि या वेळी बांधणारी मी नव्हते.