दुसऱ्या नोंदीतला श्वास

आमच्या मिलमध्ये बॉयलरमागे एक बाई दिसते, असं सगळे सांगतात. मी गेली अकरा वर्षं तिथेच बसून डबा खातो. बाई सोडा, मांजरसुद्धा दिसलं नाही! या सदरातले अनुभवही मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. तेव्हा आता माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार नाही...

मी मूळचा शिरपूरकडचा. सुरतला पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कायमची रातपाळी, रात्री आठ ते सकाळी आठ. बायकोला इकडे आणण्याआधी मी आणि माझा मोठा भाऊ आप्पा एकाच खोलीत राहायचो. खाट एक, माणसं दोन. रात्री आप्पा झोपायचा, दिवसा मी. इथे पाळीवाल्यांच्या खोल्यांमध्ये असंच चालतं. मी सकाळी आलो की तो उठता उठता म्हणायचा, "गादी ऊनी शे, जप आते." गादी ऊन आहे, झोप आता.

आप्पा प्रचंड घोरायचा, तोंड उघडं टाकून. मध्येच श्वास थांबायचा, मग मोठा हिसका देऊन पुन्हा सुरू. सुट्टीच्या दिवशी मी आणि शेजारचे सगळे हसायचो — "आप्पाने गिअर टाकला!" घोरतो म्हणजे निवांत झोपतो, एवढंच आम्हाला कळत होतं.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी मी आलो तर खोलीत अजिबात आवाज नव्हता. मला बरं वाटलं. म्हटलं, आज छान झोपलाय, कशाला उठवा? चहा केला, प्यायलो. मग हलवायला गेलो तर गादी गार.

गेल्या वर्षी मलाही तोच आजार निघाला. झोपेत श्वास अडकणं. डॉक्टर म्हणाले, मशीन लावलं नाहीत तर एक दिवस रोलरजवळ डुलकी लागेल. झोपेत दाबाने हवा आत सोडणारं ते मशीन आणलं. नाकावरचा छोटा मास्क लावून सकाळी नऊ ते तीन झोपायची सवय केली. मग दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी हवेचा दाब वाढवला आणि मास्क बदलला. नवा मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. पहिले काही दिवस जीव नुसता गुदमरला, अर्ध्या झोपेत मी तो ओढून फेकायचो.

त्याच सुमारास बायको, सुनीता, मुलीच्या बाळंतपणाला गावी गेली. खोली तीच, खाट तीच, आणि किल्ली फक्त माझ्याकडे.

एका सकाळी आलो तर मास्कचा पट्टा सैल केलेला होता. माझं डोकं लहान आहे, मी तो शेवटपर्यंत आवळतो. वाटलं, मीच विसरलो असेन. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गादीवर हात टेकला — गादी ऊन होती.

मशीनमध्ये एक कार्ड असतं, झोपेची सगळी नोंद त्यात होते. ते घेऊन मी दुकानात गेलो. तिथला टेक्निशियन स्क्रीनकडे बघतच राहिला. "काका, तमे तो रातपाळी करो छो ने? तो राते आ कोण सूए छे?" मग रात्री हे कोण झोपतं, असं तो विचारत होता.

दिवसाच्या माझ्या नोंदीखाली रात्रीची दुसरी नोंद होती. मास्कमध्ये श्वास घेतला की हे मशीन आपोआप सुरू होतं. पहिल्या रात्री थोडाच वेळ, मग मास्क काढलेला. पुढच्या रात्री जरा जास्त. आणि श्वास सारखा थांबत होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा, कितीतरी लांब. टेक्निशियनने मशीनचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं.

सुनीताला फोनवर सांगितलं. ती घाबरली. "ते मशीन परत दी टाका! मी त्या घरमा पाय ठेवाव नही."

"आप्पाच शे तो," मी म्हणालो. "परका थोडाच शे!"

ती म्हणाली, "मंग मी कोठे जपू?"

मशीन मी परत केलं नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण आप्पा गेला त्या सकाळी मी चहा पीत बसलो होतो, ते त्याहून जड होतं. मी रोज कामावर निघताना हवा कोरडी पडू नये म्हणून मशीनच्या डबीत पाणी भरायला लागलो. मास्क धुवून उशीवर ठेवायचो, पट्टा सैल करून.

गेल्या आठवड्यात पुन्हा कार्ड दाखवलं. टेक्निशियन आता घाबरत नाही, मशीनमध्येच काहीतरी बिघाड आहे असं त्याने ठरवून टाकलंय. रात्रीची नोंद सलग होती, दहा ते सहा. श्वास जवळजवळ कुठेच थांबला नव्हता.

"बीजा काकाने हवे सारुं छे," तो हसून म्हणाला. दुसऱ्या काकांना आता बरं आहे. मला तिथेच, दुकानात, रडू फुटलं.

हे काय आहे, मला माहीत नाही. कोणाला सांगता आलं तर जरूर सांगा. सुनीता रविवारी येतेय, तिच्यासाठी खाली वेगळं अंथरूण आणलंय. आज सकाळी घरी आलो, गादीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "ऊनी शे रे, आप्पा." मग मास्कचा पट्टा आवळला आणि झोपलो.