मणक्यातला गॅप

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला, तेव्हा छातीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर कुठेही दुखलं तरी त्याला एकच नाव होतं: मणक्यात गॅप. पेशंट काखेत एक्स-रेची पिशवी आणि कमरेला पट्टा घेऊनच यायचा. निदान तयार, मी फक्त शेक द्यायची.

हुपरीहून एक बाई आल्या. घरातच चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम. साडीवरून पट्टा आवळलेला, सोबत थोरली जाऊ, तीही त्याच कामातली.

"कुठं दुखतंय?" मी बाईंना विचारलं.

"मणक्यात गॅप हाय तिच्या," जाऊ म्हणाली.

"मी त्यांना विचारलं."

"ती काय सांगतिया? दवाखान्यानं मीच फिरवतिया की तिला."

बाईंनी कमरेवर हात ठेवला. जमिनीवर मांडी घालून काम जमेना झालं होतं. सासऱ्यांनी ठरवलं होतं, बरं वाटलं नाही तर हिची कामाची जागा धाकट्या सुनेला द्यायची आणि हिनं सैपाक बघायचा.

"मला चांदीचंच काम येतंय हो," बाई म्हणाल्या.

"ते मातर खरं," जाऊ म्हणाली. "हिची आमटी कुत्रं खात न्हाय."

बाईंना उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. कमरेत काही नाही. पालथं करून मणके दाबले. काही नाही. मग परत उताणं करून गुडघा दुमडला आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळवलं.

"आई आई गं!" त्यांचा हात जांघेत गेला, आणि चटका बसावा तसा लगेच कमरेवर आला.

मी जाऊला चहा प्यायला बाहेर पाठवलं.

"आधीच्या डॉक्टरांना ही जागा का नाही दाखवलीत?"

"बाप्या मानसाला तिथलं कसं सांगायचं? कंबर म्हटलं की कुणी हसत न्हाय."

खुब्याचा सांधा बिघडला की दुखतं जांघेत. ती जागा लाजेनं वर सरकली आणि बिचाऱ्या कमरेला उगाच पट्टा बसला. खुब्याचा एक्स-रे काढायला लावला. सांधा झिजला होता. पट्टा काढला, व्यायाम शिकवले आणि सांगितलं, मांडी घालणं बंद, काम खुर्ची-टेबलावर.

जाऊ उसळली. "खुर्चीवर बसून पैंजण? कलेक्टर हाय का ही?"

"मग चुलीपुढं उभी करा. आणि तिच्या हातची आमटी खा."

जाऊनं एक्स-रेची पिशवी उचलली. सासऱ्यांना तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण टेबल आलं. बाई व्यायामाला यायच्या तेव्हा कामाच्याच गप्पा असायच्या.

काही महिन्यांनी जाऊ एकटीच आली. कमरेला तोच पट्टा.

"माझ्याबी मणक्यात गॅप हाय."

"बोट ठेवून दाखवा."

बोट कमरेवर गेलं, तिथनं जांघेकडं उतरलं, माझ्या तोंडाकडं बघत पुन्हा वर आलं. मी नीट तपासलं. कंबर ठणठणीत, खुबे त्याहून ठणठणीत.

"काही झालेलं नाही तुम्हाला."

"व्हय, ते हाय. पर ती खुर्चीवर बसतिया आन् मी खाली. वरनं बघती माझ्याकडं. तुमी नुसतं कागदावर लिवा की!"

पट्टा मी ठेवून घेतला आणि खुर्ची लिहून दिली.