गुलाबतात्यांचं नाव

गुलाबतात्या दुसऱ्याच्या मळ्यात गेले की पहिलं विचारायचे, "घरच्यासाठीची कुठं हाय?" आमच्या इंदापूर तालुक्यात बाजारासाठी भाजीपाला करणारे बरेच जण दोन सऱ्या वेगळ्या ठेवतात. त्यांवर औषध मारत नाहीत. ती भाजी घरात, उरलेली बाजारात. प्रश्न ऐकून मळेवाला ओशाळायचा. तात्या म्हणायचे, "लाजू नगा. बगायला आलोय, पकडायला न्हाय."

औषध मारून ठरलेले दिवस न थांबता माल तोडायचा आणि दुसऱ्यांच्या पोरांना खायला घालायचा, याला मी आमच्या विषमुक्त भाजीच्या मोहिमेच्या पत्रकांत सरळ विषप्रयोग म्हणतो. तात्यांना हा शब्द खटकायचा. "दमानं, पुढारी. ईष घालणारा आन् घाईत चुकणारा एक न्हवं." खाणाऱ्याच्या पोटाला तो फरक कळत नाही, असं मी सुनवायचो. पण कळस गावात तात्यांच्या स्वतःच्या शेडनेटमध्ये वेगळी सरी नव्हती, हे मी स्वतः पाहिलं होतं. म्हणून नव्या पत्रकावर सर्वांत वर त्यांचं वाक्य घेतलं: 'मी जे विकतो, तेच माझ्या घरात शिजतं.' खाली नाव, गाव, फोटो.

पत्रक छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघं बारामतीतल्या नव्या मंगोलियन हॉटेलात जेवायला गेलो. तात्या, मी, मोहिमेतली मेघा आणि तिचा नवरा. मेघा वालचंदनगरला शिक्षिका. तिला सातवा महिना होता आणि तिथं जायचा हट्ट तिचाच. कच्च्या भाज्या, नूडल्स, सॉस मांडलेले. आपला वाडगा आपण भरायचा, आचारी मोठ्या गोल तव्यावर समोरच परतून देतो. "म्हंजे निम्मा सयपाक गिऱ्हाइकानंच करायचा," तात्या म्हणाले.

भाज्यांच्या मागं ढोबळी मिरचीचा क्रेट होता. त्यावर लाल रंगात तात्यांचं नाव. माझी छाती फुगली. फोटोसाठी मोबाइल काढून मी त्यांना क्रेटशेजारी उभं राहायला सांगितलं. ते हलले नाहीत. मेघा भरलेला वाडगा आचाऱ्याकडे देत होती, तो त्यांनी मधेच धरला.

"ही खाऊ नगंस, पोरी. परवा औषध मारलंय आन् काल तोडा केलाय. व्यापाऱ्याची गाडी दारात आली, मला न्हाय म्हणवलं न्हाय. धुऊन, भाजून जात न्हाय ते."

मेघाचा हात पोटावर गेला. मी सगळ्यांसमोर विचारलं, आणि घरी?

"घरात ह्या आठवड्यात ढोबळी केली न्हाय."

मग त्यांनी मालकाला बोलावलं, माल आपला आहे हे भरल्या हॉटेलात सांगितलं आणि मिरची उचलायला लावली. त्यांना खोटारडे म्हणायला मी टेबलाशी बसेपर्यंतही थांबलो नाही. त्यांनी ऐकून घेतलं. जेवलं कुणीच नाही. निघताना म्हणाले, "माजं नाव काढू नगा. झालं तसं लिवा. ते वाचून दुसरा कोण तरी गाडीला न्हाय म्हणंल."

सकाळी छापखान्यात जाऊन मी त्यांचं वाक्य, नाव, फोटो सगळं काढून टाकलं. मोहिमेची अब्रू जाईल, ही भीती. मोकळ्या जागेत माझं वाक्य घातलं: 'लपवणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे.'

कुणीतरी पत्रक त्यांना नेऊन दिलं. आठवड्यानं त्यांचा फोन आला. "वाचलं. माजं कुठं हाय त्यात?"

मी सांगितलं, जागा पुरली नाही.

त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.